दोन उजेडांचा किनारा

कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख आहे, आणि येथे छायाचित्रे काढणाऱ्या हौशी माणसाच्या बऱ्याचशा अडचणी या एका गोष्टीतून निघतात. सकाळी सूर्य सह्याद्रीच्या बाजूने, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो. दुपार कलली की तो समुद्रावर, थेट लेन्ससमोर येतो. त्यामुळे हर्णैच्या किनाऱ्यावरून दिसणारा सुवर्णदुर्ग सकाळी तटबंदीच्या दगडांसकट उमटतो आणि संध्याकाळी त्याची केवळ काळी आकृती उरते. दोन्ही छायाचित्रे उत्तम होऊ शकतात. संध्याकाळी जाऊन सकाळच्या छायाचित्राची अपेक्षा धरणे मात्र व्यर्थ आहे.

हर्णैच्या मासळी लिलावात हा प्रश्न अधिक कठीण होतो. उतरत्या उन्हात टोपल्या किनाऱ्याला लागतात, बोली सुरू होते, आणि समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे मागच्या झळाळीपुढे काळे पडतात. कॅमेऱ्याचे मीटर परावर्तित प्रकाश मोजते आणि एकूण दृश्य मध्यम राखाडी छटेपाशी, ढोबळमानाने १८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या पृष्ठभागासारखे, ठेवू पाहते. स्पॉट मीटरिंगने केवळ चेहऱ्यावरचा उजेड मोजला तर चेहरा दिसतो, पण आकाश जळून पांढरे पडते. आणि पूर्ण जळालेला भाग रॉ फाइलमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ नोंदीतूनही, परत मिळत नाही, तर अंधारलेला भाग थोडे रवाळपण पत्करून उजळता येतो. म्हणून आकाश राखायचे असेल तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायच्या उजेडाचे प्रमाण, आकाशाचे धरावे आणि चेहरे नंतर उजळावेत. मोबाइलमधील एचडीआर कमी-अधिक उजेडाच्या अनेक फ्रेम एकत्र करते, परंतु बोली लावणारे हात स्थिर नसल्याने ते कधी दुहेरी उमटतात. आमच्या मते, चार पावले बाजूला सरकून ऊन चेहऱ्याच्या कडेने घेणे या सर्वांहून सरस ठरते.

तारकर्लीच्या पांढरट वाळूवर भर दुपारी मीटर वेगळ्या प्रकारे चकते. इतका उजेड पाहून ते छायाचित्र गडद करते आणि वाळू मळकट दिसते. तेथे एक्स्पोजर एक स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढवावे. ओल्या काळ्या खडकांसाठी ते तसेच कमी करावे.

कौलारू घराच्या माजघरात उजेडाची तफावत सर्वाधिक असते. दारातून अंगण डोळे दिपवते, आत कोपरे काळोखात असतात, आणि प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होत असल्याने चार स्टॉपचे अंतर म्हणजे सोळापट फरक. दार फ्रेमबाहेर ठेवावे, किंवा आतला दिवा आणि बाहेरचे आकाश जवळपास सारख्याच उजेडाचे होईपर्यंत, म्हणजे सूर्यास्तानंतर थोडा वेळ, थांबावे. गणपतीच्या दिवसांत समईचा पिवळेपणा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा आपोआप सुधारणारी कॅमेऱ्याची सोय, बराचसा पुसून टाकतो. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवला तर ज्योतीचा रंग टिकतो. फ्लॅश लावल्यास मात्र समई असून नसल्यासारखी होते. मखराभोवतीच्या एलईडी माळांचे वेगळेच आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने असे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि वेगवान शटरवर छायाचित्रात आडवे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर आणले की ते बहुधा नाहीसे होतात.