सायकलमागचे सतरा सेकंद

श्रोतेहो, नमस्कार.

माझी सगळी नोकरी एस.टी.च्या स्टिअरिंगवर गेली. सांगली-मिरज, आष्टा, तासगाव, विटा, पार आटपाडीपर्यंत. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल चालवायला सांगितली आणि तेव्हापासून त्याच रस्त्यांच्या डाव्या कडेनं मी पॅडल मारतोय. रस्ता सुरक्षेवर बोला म्हटलं की बोलणारा सगळ्यांना थोडं थोडं सांगतो आणि ते कुणालाच लागत नाही. म्हणून मी आज मोटार, ट्रक, ट्रॅक्टर, बस, वडाप म्हणजे प्रवासी भरून नेणारी खासगी गाडी, आणि मोटारसायकल चालवणाऱ्यांशी बोलणार आहे. सायकलवाल्यांनी ऐकावं, त्यांच्यासाठी शेवटी एक-दोन गोष्टी आहेत.

आधी सायकलवर असतं कोण, ते बघू. हरिपूर रस्त्यावर पहाटे हेल्मेट घालून, चकचकीत कपड्यांत जाणारी मंडळी तुम्हाला दिसतात. चांगली गोष्ट आहे. पण ती दिवसभरातली मूठभर. बाकीचे कोण? कुपवाड एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार. हँडलला डबा अडकवलेला सेंट्रिंगवाला. दोन बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेला गवळी. पेपर टाकणारं पोरगं. बुधगाव, माधवनगरकडून शाळेला येणाऱ्या मुली. यांना व्यायामाची हौस नाही, गाडी परवडत नाही म्हणून सायकल. आणि माझं निरीक्षण असं, की महागड्या सायकलीवरच्या माणसाला गाडीवाले जरा तरी जागा देतात. सेंट्रिंगवाल्याला कुणी मोजत नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सायकलवरची साडेचार हजारांहून जास्त होती.

आता मुद्द्याचं. सायकलवाल्याला खरा धोका कशाचा? लोक म्हणतात खड्ड्यांचा, दारूचा, वेगाचा. ते आहेच. पण रोजचा धोका वेगळा आहे: आपल्या लोकांना सायकलच्या मागं थांबायला जमत नाही. बैलगाडीमागं थांबतील, म्हशी चालल्या असतील तर इंजिन बंद करून थांबतील. सायकल दिसली की मात्र ‘जाईल की यातून’ म्हणून घुसवायची. याला आपल्याकडं ‘कट मारणं’ म्हणतात आणि मारणाऱ्याला त्यात काही वाटत नाही, कारण त्याचा आरसा शाबूत असतो.

जरा हिशेब करू. दुपदरी रस्त्याचा डांबरी भाग साधारण ७ मीटर. सायकलवाला, त्याचं डुलणं धरून, एक मीटर घेतो. बस किंवा ट्रक अडीच मीटर. दोघांच्या मधे किमान दीड मीटर मोकळं पाहिजे. माणसानं दोन्ही हात पसरल्यावर जेवढं होतं, त्याहून जरा कमीच. फ्रान्स, स्पेनसारख्या देशांत गावाबाहेरच्या रस्त्यावर एवढं अंतर ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, जर्मनीत तर गावाबाहेर दोन मीटर. करा बेरीज: एक, दीड, अडीच, झाले पाच. राहिले दोन मीटर. त्यातून समोरून येणारी मोटार बसत नाही. बस सोडा, साधी मोटार घेतली तरी बेरीज चार मीटरच्या वर जाते, म्हणजे मधली पट्टी ओलांडावीच लागते. सरळ अर्थ असा, की समोरून गाडी येत असेल तेव्हा सायकलला ओलांडता येत नाही. जागाच नसते. थांबायचं.

आणि थांबल्यानं जातं काय? सायकल ताशी १५ च्या वेगानं चालली आहे. तिच्यामागं तुम्ही शंभर मीटर राहिलात तर २४ सेकंद लागतात. ताशी ५० नं तेच अंतर ७ सेकंदांत गेलं असतं. नुकसान सतरा सेकंदांचं. विश्रामबाग चौकातल्या एका सिग्नलला त्याहून जास्त वेळ जातो आणि तिथं आपण काही तक्रार न करता मोबाइल बघत बसतो.

कट मारल्यावर सायकलवाल्याचं काय होतं, ते गाडीत बसलेल्याला दिसत नाही. मीही आरशात कधी पाहिलं नव्हतं, कारण आरशात ते दिसतच नाही, गाडी पुढं गेलेली असते. मोठी गाडी वेगानं शेजारून जाते तेव्हा आधी वाऱ्याचा धक्का लागतो, बाहेरच्या बाजूला. गाडीचं मागचं टोक सरकलं की तोच वारा आत ओढतो. सायकलवाला पहिल्या धक्क्याला साइडपट्टीवर उतरतो. आपल्या साइडपट्ट्या तुम्हाला माहीत आहेत. डांबरावर डांबर चढत गेलं, मुरूम टाकला नाही, तर कड चार-चार बोटं उंच. आता काँक्रीटचे रस्ते झाले, त्यांची कड तर सुरीसारखी. खाली उतरलेला माणूस घाबरून लगेच वर यायला बघतो. पुढचं चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही, हँडल अडकतं आणि तो पडतो. कुठं पडतो? बाहेर शेतात नाही. रस्त्यावर पडतो, आतल्या बाजूला. तोवर कट मारणारा पुढच्या गावात पोचलेला असतो आणि मागून येणाऱ्याच्या चाकाखाली माणूस येतो. पंचनाम्यात नाव कुणाचं लागतं, तुम्हीच ओळखा.

दुसरी गोष्ट हॉर्नची. हॉर्न वाजवला म्हणजे आपलं कर्तव्य झालं असं पुष्कळांना वाटतं. शाळा सुटल्यावर विलिंग्डन कॉलेजपासून मिरजेकडच्या रस्त्याला बघा. दोघी-तिघी मुली बोलत बोलत चाललेल्या असतात. मागून अगदी दहा फुटांवर येऊन कुणीतरी प्रेशर हॉर्न मारतो. मुलगी दचकते आणि उजव्या खांद्यावरून मागं बघते. उजवीकडं मान वळली की हात वळतात, हात वळले की हँडल वळतं. म्हणजे तुमच्या हॉर्ननंच ती तुमच्यासमोर आली. हॉर्न द्यायचाच तर लांबून, एकदा, हलका द्या. जवळ पोचल्यावर हॉर्नला हात लावू नका, ब्रेकवर पाय ठेवा. प्रेशर हॉर्न तर गाडीवर असायलाच नको, त्याला दंड आहे.

चौकातलं डावं वळण. हे मी मोठ्या गाड्यांवाल्यांसाठी मुद्दाम सांगतो. बस किंवा ट्रक डावीकडं वळताना पुढची चाकं जिथून जातात तिथून मागची जात नाहीत, ती आत कापतात. गाडी जितकी लांब तितकी जास्त. सायकलवाल्याला वाटतं, गाडीचं तोंड पुढं गेलं, आपल्याला जागा आहे. तो कडेला उभा राहतो आणि मागचं चाक त्याच्याकडं सरकत येतं. डाव्या दरवाजाच्या खालचा भाग ड्रायव्हरला केबिनमधून दिसत नाही, आरसा कसाही लावा. बसला निदान कंडक्टर असतो, ट्रकच्या क्लीनरनं मात्र चौकात झोपू नये, डोकं बाहेर काढून बघावं. छोट्या गाड्यांचा प्रकार निराळा: सायकलला ओलांडायचं आणि लगेच तिच्या तोंडासमोरून डावीकडं दुकानापाशी वळायचं. दहा पावलं मागं राहून वळलात तर दुकान पळून जात नाही.

उभ्या मोटारीचं दार हा आणखी एक छुपा मार. बाजारपेठेत गाडी डाव्या कडेला लावली की ड्रायव्हरचं दार रस्त्यावर उघडतं. ते डाव्या हातानं उघडायची सवय लावा. डावा हात उजवीकडच्या दारापर्यंत नेला की खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. फुकटातला उपाय आहे.

राँग साइडनं येणाऱ्या मोटारसायकलींबद्दल मी फार बोलत नाही, डोकं तापतं. दुभाजकाचा वळसा वाचवायला कडेकडेनं समोरून येतात, सायकलवाल्याला वाहत्या रस्त्यात ढकलतात आणि वर त्यालाच डोळे वटारतात.

रात्रीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण दसरा झाला की कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि आपल्या जिल्ह्याचे रस्ते उसाचे होतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटानं झाकलेला. वर टेप एवढा मोठा, की मागचा हॉर्न सोडा, स्वतःच्या इंजिनाचा आवाजसुद्धा ड्रायव्हरला येत नसेल. कामावरून सुटलेला सायकलवाला अशा ट्रॉलीच्या मागं सापडला तर त्याला ट्रॉली दिसत नाही, तिला ओलांडायला गेला तर बाहेर आलेली उसाची टोकं तोंडावर येतात. त्यातून ट्रॉली पंक्चर झाली की जागेवरच उभी. चाकाला आणि मागच्या बाजूला दगड लावतात. टायर बदलला की ट्रॅक्टर जातो, दगड रस्त्यावर तसेच. मोटारीच्या उजेडात तो दगड दिसतो, चाकाखाली आला तरी मोटार उसळून पुढं जाते. सायकलचं चाक त्यावर गेलं की माणूस हँडलवरून पुढं. खाली उतरून दगड बाजूला टाकायला किती वेळ लागतो?

समोरून अप्पर मारून, म्हणजे दिव्यांचा झोत वर ठेवून, येणाऱ्यांचंही तेच. दोन गाड्या एकमेकींवर अप्पर टाकून येतात तेव्हा त्या दोन उजेडांच्या मधला सायकलवाला दोघांच्याही डोळ्यांतून नाहीसा होतो. डिपर द्या, म्हणजे झोत खाली करा, आणि दिपून काही दिसेना झालं तर वेग कमी करा. वेगाचं एक सांगतो. ताशी ३० चे ६० केले की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि ६० नं जाताना दोन सेकंद मोबाइलकडं बघितलं, तर तेहतीस मीटर गाडी न बघता गेली.

आता कायद्याचं. धोकादायक गाडी चालवणं, हातात मोबाइल धरून चालवणं, यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. निष्काळजीपणानं माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पण शिक्षेपेक्षा मला घरच्यांचं जास्त वाटतं. सायकलला विमा नाही, म्हणून आपल्याला काही मिळणार नाही, असं समजून कितीतरी कुटुंबं गप्प बसतात. तसं नाही. धडक देणाऱ्या गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे आणि सायकलवाला हा तोच थर्ड पार्टी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे, त्यामुळं वकिलाकडं लवकर जावं. धडक देऊन गाडी पळाली आणि नंबर मिळालाच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करून करावा. २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार रोख पैसे न भरता देण्याची योजनाही आहे.

आणि रस्त्यात पडलेला माणूस दिसला तर ‘पोलिसांचं लचांड मागं लागेल’ म्हणून पुढं जाऊ नका. मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे. नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. १०८ ला फोन करा, अ‍ॅम्ब्युलन्स येते. ती येईपर्यंत मागं एखादी गाडी दिवे लावून उभी करा, नाहीतर पडलेल्यावरून दुसरी गाडी जाते.

सायकलवाल्यांना सांगतो. कडेच्या मातीला चिकटून जाऊ नका, डांबराच्या कडेपासून हातभर आत चालवा. कडेला चिकटलं की मागच्याला वाटतं जागा आहे आणि तो घुसतो. साइडपट्टीवर उतरावंच लागलं तर घाईनं वर येऊ नका. थांबा, उतरा, सायकल उचलून वर ठेवा. रात्री मागं लाल दिवा लावा. सेलवर चालणारा मिळतो, एका जेवणाच्या पैशात येतो. तोही नको असेल तर पंक्चरवाल्याकडून मागच्या मडगार्डला आणि दोन्ही पॅडलना रेडियमची पट्टी मारून घ्या. पॅडलची पट्टी वर-खाली हलते, ती मागच्या ड्रायव्हरला स्थिर दिव्यापेक्षा लवकर दिसते, हे स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचं ऐका.

ऊसवाहतूक करणाऱ्या मालकांना आणि मुकादमांना एक विनंती करून थांबतो. यंदा ट्रॉली गावातून निघायच्या आधी तिच्या मागच्या फळकुटाला, पाचटाच्या खाली येणार नाही अशा ठिकाणी, लाल रेडियम लावा. उसाच्या मोळ्या बांधून झाल्या की एकदा मागं जाऊन, बॅटरी मारून ते दिसतंय का बघा. आणि ड्रायव्हरला सांगून ठेवा, पंक्चरला लावलेले दगड परत ट्रॉलीत टाकायचे.

नमस्कार.