पहिली पाळी, भट्टी नंबर दोन

(हायवे, उजाडताना. ट्रॅफिकचा आवाज कमी करून निवेदन सुरू.)

पुण्याकडनं कोल्हापुरात शिरताना पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडं शिरोली एमआयडीसी लागते. सकाळी पाळीच्या टायमाला इथली गर्दी बघा, एका बाजूनं कंपनीच्या बस, दुसऱ्या बाजूनं टू-व्हीलरवर डबल सीट, हँडलला जेवणाचा डबा, कुणी हातकणंगल्याकडनं आलेला, कुणी पन्हाळ्याच्या पायथ्याकडनं, आणि यातले कितीतरी जण पहाटे म्हशीची धार काढून, डेअरीत दूध घालूनच आलेत. बाकीचे बिहार, यूपी, ओडिशाचे. ते जवळच खोली करून राहतात, चालत येतात.

गेटवर कार्ड पंच होतं. कार्डाच्या फितीचा रंग नीट बघा. परमनंटची फीत निळी, कॉन्ट्रॅक्टची पिवळी. पुढं सगळ्या व्हिडिओत तुम्हाला पिवळ्याच जास्त दिसतील, आम्ही काय मुद्दाम तसं शूट केलेलं नाही.

कंपनीचं नाव घेणार नाही, त्या अटीवरच कॅमेरा आत गेला. मोठी फौंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, एवढं सांगतो. ट्रॅक्टर-ट्रकची हाउसिंग, ब्रेक ड्रम, फ्लायव्हील असला माल इथनं जातो.

(वाळूचा प्लांट. हात क्लोजअपमध्ये.)

फौंड्रीत आग नंतर, पहिली वाळू. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि तीन-चार टक्के पाणी, हे सगळं मिक्सरमध्ये फिरून बेल्टवर येतं. लॅबवाला सॅम्पल घेऊन जातो, रिपोर्ट यायला थोडा वेळ लागतो, तोवर हा माणूस काय करतोय बघा. मूठभर वाळू उचलली, दाबली, मूठ उघडली. तळहातावर बोटांचे वळ उठलेला गोळा. तो मधोमध मोडला, कडा ढासळल्या नाहीत, म्हणजे वाळू झाली. हाताला चिकटली तर पाणी जास्त, आणि मग त्या पाण्याची वाफ होऊन जॉबमध्ये, म्हणजे ओतलेल्या पार्टमध्ये, ब्लो होल, आतली पोकळ भोकं, पडणार. तो म्हणाला, "रिपोर्ट पण हेच सांगतोय की. फक्त दहा मिनिटं उशिरा."

साच्याच्या पेटीत वाळू ठासायचं काम आता मशीन करतं. कोअर मात्र अजून हातानंच बसवतात. जॉबच्या आत जी पोकळी लागते, तिथं वाळूचा हा कोअर बसतो, एवढासा जरी हलला तरी भिंत एका बाजूला जाड नि दुसरीकडं पातळ होते, आणि ते कळतं थेट मशीन शॉपमध्ये टूल लागल्यावर, म्हणजे तोवर सगळा खर्च झालेला असतो.

(भट्टी. इथं आठ-दहा सेकंद निवेदन नको, आवाज ऐकू दे.)

ही इंडक्शन फर्नेस. पूर्वी कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्ट्या होत्या, आता बहुतेक ठिकाणी हीच. कॉइलमधनं करंट फिरतो आणि लोखंड आतल्या आतच तापतं, एक टन वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट वीज जाते, त्यामुळं मालकाचं अर्धं लक्ष भट्टीकडं आणि अर्धं लाइट बिलाकडं. आत पडतंय ते पत्र्याचं भंगार, पिग आयर्न म्हणजे कच्चं लोखंड, आणि आधीच्या कास्टिंगचे तोडलेले रनर-रायझर, म्हणजे रस आत जायच्या वाटांमध्ये गोठलेले तुकडे.

भट्टीवर मामा आहेत. कुणाचे मामा ते माहीत नाही, सगळेच मामा म्हणतात. भंगार पडायच्या आधी ते ढिगाजवळ जातात, एखादा डबा, एखादा बंद पाइप बाजूला काढतात. पावसाळ्यात तर जास्तच बघतात. ओलं भंगार वितळलेल्या लोखंडाच्या रसाखाली गेलं की पाण्याची एका क्षणात वाफ होते, सोळाशे पटीनं फुगते आणि भट्टी उसळते. ते उसळलेलं आमच्याकडं शूट झालेलं नाही, बरंच झालं.

हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा रस, तयार होत आली की छोट्या साच्यात नाण्याएवढं सॅम्पल ओततात, ते स्पेक्ट्रोमीटरला जातं, कार्बन किती, सिलिकॉन किती हे आकड्यात येतं. टेंपरेचर बघायला लांब दांडीची थर्मोकपल बुडवतात. दांडी बुडायच्या आधी मामांनी निळ्या काचेतनं रसाकडं बघून आकडा सांगितला. डिस्प्लेवर आला तो त्याच्या अगदी जवळचा. आम्ही परत एकदा करायला लावलं, तेव्हाही तसंच.

(मॅग्नेशियमचा झोत. स्लो मोशन.)

हा शॉट बघाच. लॅडल म्हणजे रस न्यायचं भांडं, त्याच्या तळाला मॅग्नेशियमचं मिश्रण, वरनं पत्र्याचे तुकडे झाकलेले, त्यावर रस पडला की असा पांढरा झोत उठतो. या मॅग्नेशियमनं लोखंडातला ग्रॅफाइट पापुद्र्यासारखा राहत नाही, गोळ्या-गोळ्या होतो, आणि बिडासारखं तडकणारं लोखंड वाकायला तयार होतं. पण त्याचा असर टिकत नाही, दहाएक मिनिटांत रस पेटीत गेला पाहिजे. म्हणून ही पळापळ. लॅडल मोनोरेलवर, एक जण ढकलतोय, एक जण चाक फिरवून तिरका करतोय, धार तुटू द्यायची नाही, सांडू द्यायची नाही, चौदाशे अंशांच्या आसपासचा रस हातभर अंतरावर. धार धरणारा पोरगा पंचविशीतला, फीत पिवळी.

(उद्यमनगर. जुनी लेथ, जुनी पॅटर्न.)

कोल्हापूरला हे काम नवं नाही. शाहू महाराजांनी 1906 साली शाहू मिल या कापड गिरणीचा पाया घातला. इकडं ऊस होता, उसाला चरक लागायचे, नदीवरनं पाणी उचलायला ऑइल इंजिन लागायचं, आणि ते दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्रींनी स्वतःच बनवायला घेतलं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात, इथल्या जुन्या कारखान्यांच्या वस्तीत, आजही आदरानं घेतात. पुढं शेतावर वीज आली, इंजिनं मागं पडली, फौंड्र्या गाड्यांच्या पार्टकडं वळल्या. आज जिल्ह्यात 300 च्या आसपास फौंड्र्या आहेत असं म्हणतात. ज्या पिढीनं हे उभं केलं तिचे हात वाळूत होते, आणि त्याच हातांचं काम आज वर्षावर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर चाललंय, हे आम्हाला तरी पटत नाही.

(फेटलिंग शॉप, दारातनं.)

पेट्या फुटल्या, वाळू झडली, आता ग्राइंडिंग, कास्टिंग घासून साफ करायचं, यालाच फेटलिंग म्हणतात. फेटलिंगचं एवढंच फुटेज आहे, दारापासनंच. पाळीच्या आधी हातावर गुळाचा खडा घेणारा माणूस दिसतोय ना, गुळानं घशातली धूळ खाली जाते असं सगळे मानतात. फुप्फुसात गेलेली धूळ गुळानं निघत नाही, सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग, बरा होत नाही, आणि कॉन्ट्रॅक्ट बदललं की याआधी किती वर्षं धूळ खाल्ली याचा कागद कुणाकडंच राहत नाही.

(दुपार. पाळी बदलताना.)

ट्रक भरला, ताडपत्री पडली. दुसरी पाळी आत येतेय. मामा हेल्मेट काढून नव्या भट्टीवाल्याला भट्टीच्या तोंडाशी नेतात, बोटानं आतली एक बाजू दाखवतात. तिथलं लायनिंग, म्हणजे रॅमिंग करून ठोकून बसवलेला आतला थर, खाल्लं गेलंय, कडेला लाल जास्त दिसतंय. "हितं जड माल टाकू नगंस," एवढंच सांगतात. "आजच्या हीट निघतील. उद्या मात्र रॅमिंग करायलाच लाव, साहेब नको म्हटला तरी."