हॉवर्डची पोरं: दोनदा जिंकलेलं विजेतेपद

(पडद्यावर: कॅरिबियन समुद्राचा नकाशा. त्रिनिदादवर हळूहळू मोठा होत जाणारा ठिपका.)

1971 आणि त्रिनिदाद. हे दोन शब्द शेजारी आले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. मार्च महिना, पोर्ट ऑफ स्पेनचं मैदान, अजित वाडेकरांचा संघ आणि पहिलीच कसोटी खेळणारा सुनील गावसकर.

त्याच वर्षाच्या अखेरीस, 30 डिसेंबरला, त्रिनिदादची काही पोरं अमेरिकेत मायामीच्या ऑरेंज बाउल स्टेडियममध्ये उतरली. त्यांचा खेळ फुटबॉल, आणि त्यांचा संघ हॉवर्ड विद्यापीठाचा. त्या दिवशी त्यांनी जे जिंकलं, ते त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. ही गोष्ट त्याची आहे, आणि त्यानंतर त्यांनी काय केलं, त्याची.

(पडद्यावर: वॉशिंग्टन. विद्यापीठाची विटांची जुनी इमारत.)

हॉवर्ड विद्यापीठ 1867 साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झालं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या समाजाला शिकायला जागा हवी होती, आणि ती इथे मिळाली. आपल्याशीही या विद्यापीठाचा एक धागा जुळतो. इथल्या धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख बेंजामिन मेज 1936 च्या अखेरीस भारतात आले आणि वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले. पुढे मार्टिन ल्यूथर किंग त्यांना गुरुस्थानी मानत.

फुटबॉल इथे बऱ्याच आधीपासून खेळला जात होता. 1961 मध्ये छोट्या महाविद्यालयांच्या स्पर्धेचं विजेतेपदही आलं होतं. पण संघाचा खरा काळ सुरू झाला तो 1970 मध्ये, लिंकन फिलिप्स प्रशिक्षक झाले तेव्हा.

फिलिप्स त्रिनिदादचे. देशाच्या संघाचे गोलरक्षक. अमेरिकेत येऊन ते व्यावसायिक फुटबॉल खेळले, संघ सांभाळले. त्यांच्या हाताखाली त्रिनिदाद, जमैका, घाना, नायजेरिया, गिनी अशा ठिकाणांहून शिकायला आलेली मुलं एकत्र आली. प्रत्येकाचा खेळ वेगळा, बोलण्याची ढब वेगळी. पहिल्याच वर्षी हा संघ एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथे हरला.

पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात समोर हार्वर्ड होतं. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं विद्यापीठ. हॉवर्डने त्यांना 1-0 असं हरवलं.

अंतिम सामना सेंट लुईस विद्यापीठाशी होता, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण हा प्रतिस्पर्धी साधा नव्हता. सेंट लुईस शहर म्हणजे अमेरिकेतल्या फुटबॉलप्रेमींची पंढरी. 1950 च्या विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला 1-0 असं हरवून जगाला थक्क केलं, त्या अकरा जणांतले पाच याच शहरातले. त्या पाचांपैकी एक, हॅरी कीओ, आता सेंट लुईस विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. मागची दोन्ही वर्षं त्यांनीच चषक नेला होता.

आणि 1950 चा तो एकमेव गोल कुणी केला होता? जो गेटजेन्सने. हैतीहून न्यूयॉर्कला, बाबासाहेब शिकले त्याच कोलंबिया विद्यापीठात शिकायला आलेला कॅरिबियन मुलगा. तो तेव्हा अमेरिकेचा नागरिकही नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मायामीत हॉवर्डने सेंट लुईसला 3-2 असं हरवलं. कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या एखाद्या विद्यापीठाने एनसीएएच्या सर्वोच्च गटाचं विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती. कुठल्याही खेळात.

(पडद्यावर: कागदपत्रांचे गठ्ठे. टाइपरायटरचा आवाज.)

मग एनसीएएने चौकशी सुरू केली. मुख्य आरोप दोन प्रकारचे होते. काही खेळाडूंनी प्रवेशाच्या वेळी ठरलेली चाचणी दिली नव्हती, हा एक. आणि काही जण मायदेशी आधीच फुटबॉल खेळले होते, हा दुसरा.

हा दुसरा नियम नीट समजून घ्या. परदेशी विद्यार्थी वयाच्या एकोणिसाव्या वर्षानंतर आपल्या देशात कुठल्या क्लबकडून खेळला असेल, तर अशा प्रत्येक वर्षामागे विद्यापीठात खेळण्याचं त्याचं एक वर्ष कापलं जायचं. अमेरिकन मुलगा आपल्या गावच्या क्लबकडून खेळला, तर त्याचं काहीच जात नसे. खेळ तोच, वय तेच, फक्त पासपोर्ट वेगळा. 1950 मध्ये अमेरिकेसाठी गोल करणाऱ्या गेटजेन्सचाही पासपोर्ट अमेरिकेचा नव्हता.

1972 मध्ये हॉवर्ड पुन्हा उपांत्य फेरीत पोचलं आणि सेंट लुईसकडून हरलं. 1973 च्या सुरुवातीला निकाल आला. 1971 चं विजेतेपद रद्द. 1973 च्या स्पर्धेत भाग घ्यायलाही बंदी.

हॉवर्ड कोर्टात गेलं. न्यायाधीश गेरहार्ड गेसेल यांनी सांगितलं की परदेशी विद्यार्थ्यांचा हा नियम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, घटनाबाह्य आहे. 1975 मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. पण एनसीएएचे बाकीचे आक्षेप न्यायालयाने मान्य केले, त्यामुळे चषक काही परत आला नाही. आणि चाचणीचा तो नियम? एनसीएएने स्वतःच 1973 मध्ये तो रद्द केला. ज्या दोन मुख्य नियमांवर शिक्षा उभी होती, त्यातला एक कोर्टाने मोडीत काढला आणि दुसरा करणाऱ्यांनीच मागे घेतला. शिक्षा मात्र राहिली.

(पडद्यावर: रिकामं मैदान. पहाट.)

1974. बंदी उठली होती. संघाने एक वचन आपलं मानलं: सत्य जमिनीत चिरडलं, तरी ते पुन्हा उभं राहतं. किंग यांच्या भाषणांमुळे अमेरिकेतल्या घराघरांत पोचलेली ही ओळ. या मुलांना ती पाठ करायची गरज नव्हती, ती त्यांच्यावरच बेतली होती.

इयान बेन कर्णधार. गोलात ट्रेव्हर लीबा. हंगामभर या संघाने 63 गोल केले आणि फक्त 6 खाल्ले. एकही सामना हरला नाही, एकही बरोबरीत सोडला नाही. उपांत्य सामन्यात हार्टविकला हरवलं आणि अंतिम फेरीत समोर पुन्हा तोच संघ, तेच कीओ. या वेळी सामना सेंट लुईस शहरातच, बुश स्टेडियमवर. म्हणजे त्यांच्याच अंगणात.

1-1. नव्वद मिनिटं संपली. जादा वेळ सुरू झाला. पहिला संपला, दुसरा संपला, तिसराही संपला. पायांत गोळे येतात, श्वास पुरत नाही, चेंडू नुसता लांब टाकायचीही ताकद उरत नाही, अशी ती वेळ. चौथ्या जादा वेळेत नायजेरियाच्या केनेथ इलोडिग्वेने चेंडू जाळ्यात मारला.

2-1. एकोणीस सामने, एकोणीस विजय.

या चषकाला कुणी हात लावू शकलं नाही. विजेत्यांच्या यादीतल्या 1971 च्या ओळीवर मात्र आजही विजेतेपद रद्द झाल्याची नोंद आहे. मला वाटतं, ती नोंद बदलायला हवी. मायामीत त्या दिवशी खेळलेल्या मुलांच्या हयातीत बदलायला हवी. त्यातले काही आता राहिले नाहीत.

(पडद्यावर: जर्मनीचा नकाशा. डॉर्टमुंड.)

फिलिप्स 1980 पर्यंत हॉवर्डमध्ये होते. ते गेल्यावरही संघ एकदा अंतिम फेरीत पोचला, 1988 मध्ये, आणि इंडियानाकडून 1-0 असा हरला. त्या काळात हॉवर्डमध्ये त्रिनिदादचा एक उंच मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता आणि विद्यापीठाचं गोल राखत होता. शाका हिस्लॉप.

10 जून 2006. त्रिनिदाद आणि टोबॅगोचा विश्वचषकातला पहिला सामना, समोर स्वीडन. हिस्लॉप खेळणारही नव्हता. सरावात पहिला गोलरक्षक जखमी झाला आणि ऐनवेळी सदतीस वर्षांच्या हिस्लॉपला उतरवलं गेलं. दुसऱ्या अर्धात त्याचा संघ दहाच खेळाडूंवर आला होता. स्वीडनचे फटके येत राहिले. तो अडवत राहिला.

शिट्टी वाजली तेव्हा फलकावर होतं 0-0.