पाझरणारी भिंत : सांडपाणी आणि सच्छिद्र सिरॅमिक

नवा माठ भरून ठेवला की थोड्याच वेळात त्याचे अंग ओलसर होते, कारण भाजलेल्या मातीच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटा असतात. सांडपाण्यातून जीवाणू गाळून काढण्याचे शास्त्र याच वाटांवर उभे आहे. त्या किती अरुंद ठेवायच्या हा पहिला प्रश्न आणि बुजल्या की मोकळ्या कशा करायच्या हा दुसरा. माझ्या मते खरी कसोटी दुसऱ्याची आहे.

1884 साली पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी झिलई न केलेल्या पोर्सेलीनच्या नळीतून पाणी गाळले आणि जीवाणू भिंतीत अडकले. मात्र ही नळी साफ न करता बरेच दिवस वापरली, तर अडकलेले जीवाणू भिंतीतच वाढत आणि हळूहळू पलीकडे पोहोचत. त्यामुळे ती वरचेवर घासून, तापवून घ्यावी लागे. आणि तापवली तरी ती बिघडत नसे, हाच तिचा मोठा गुण होता. पुढे 1892 साली रशियात दिमित्री इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस अशाच गाळणीतून गाळला, तेव्हा त्या रसानेही रोपांना रोग झाला. म्हणजे जीवाणूंहूनही लहान असे काहीतरी भिंतीतून पार होत होते; विषाणूंचा माग तेथून लागला.

ज्यांच्या घरी कँडलचा फिल्टर होता, त्यांना तिच्यावरचा तपकिरी, बुळबुळीत थर आठवेल. नळाखाली कँडल घासली की आतला पांढरा रंग दिसे आणि मंदावलेली धार पुन्हा सुरू होई. सांडपाण्यात हाच थर कितीतरी झपाट्याने साचतो. म्हणून आज ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) जाड दाण्यांच्या सपाट पाटीवर बारीक पुडीचा पातळ थर देऊन ती हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजतात. छिद्रे बहुधा 0.1 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतात, तर सांडपाण्यातले बहुतेक जीवाणू अर्धा ते दोन मायक्रॉनांचे. जीवाणूंनीच घाण खाऊन टाकण्याच्या टाकीत या पाट्या बुडवतात, आतून पाणी ओढतात आणि खालून हवेचे बुडबुडे सोडून पृष्ठभाग खरवडत ठेवतात. गाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) पडद्यांना न मानवणारी तीव्र क्लोरीनची किंवा आम्लाची धुलाई सिरॅमिकला सोसते. पाटी महाग असते आणि आदळली तर तडकते, तरी तिचे दीर्घ आयुष्य हिशेबात धरायलाच हवे.

येथे एक बाब आवर्जून सांगतो. पोलिओचा विषाणू सुमारे 30 नॅनोमीटरचा, म्हणजे छिद्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. तरीही साचलेल्या थरात विषाणू बऱ्याच प्रमाणात अडकतात. पाटी स्वच्छ धुतली की हा अडथळा नाहीसा होतो आणि पाणी जोमाने येत असतानाच विषाणू अधिक सुटतात. त्यामुळे गाळलेले पाणी कितीही नितळ दिसले, तरी त्यापुढे क्लोरीन किंवा अतिनील प्रकाशाची पायरी ठेवावी, आणि धुलाईनंतरच्या पहिल्या तासांत ती मुळीच टाळू नये.