लोखंडाचा अणू जोडलेले प्रतिजैविक

(दृश्य: नागपूर, मे महिन्याची दुपार. प्रयोगशाळेत इन्क्युबेटरचे दार उघडते.)

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा जिवाणू वाढवण्यासाठी ३७ अंश तापमान राखणे हेच मोठे काम होऊन बसते. साधा इन्क्युबेटर ऊब देतो, थंडावा देत नाही. त्यामुळे येथे आधी खोली थंड करावी लागते.

या पेट्रीडिशमध्ये अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर, जिवाणूंचा पातळ थर पसरला असून त्यावर ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवल्या आहेत. एकीवर नेहमीचे प्रतिजैविक आहे, दुसरीवर तेच, पण त्याच्या रेणूला फेरोसीन हे लोखंडाचे संयुग जोडलेले.

(दृश्य: काचेच्या बशीत केशरी स्फटिक.)

कार्बनच्या दोन पंचकोनी कड्यांच्या मधोमध लोखंडाचा एक अणू, अशी फेरोसीनची रचना असते. बाटली उघडताच या स्फटिकांचा कापरासारखा वास येतो. हे संयुग १९५१ मध्ये जगापुढे आले आणि अशा संयुगांवरील कामासाठी एर्न्स्ट ओटो फिशर व जेफ्री विल्किन्सन यांना १९७३ चे नोबेल मिळाले. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकांना फेरोसीन जोडल्याचे काम १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले.

फेरोसीन स्निग्ध पदार्थांत सहज मिसळते, त्यामुळे ते जोडलेला रेणू पेशीच्या आवरणाशी वेगळ्या रीतीने वागतो. शिवाय लोखंड इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकते. मलेरियावरील क्लोरोक्वीनमध्ये फेरोसीन गुंफून केलेले फेरोक्वीन हे प्रतिजैविक नव्हे, पण क्लोरोक्वीनला दाद न देणाऱ्या परजीवींवर ते परिणाम करते आणि माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले आहे. गडचिरोलीचा मलेरिया जवळून पाहिलेल्या विदर्भाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र धातूशी गाठ पडली की औषधाचा जोर वाढतोच असे नाही. सिप्रोफ्लोक्सासिन या प्रतिजैविकाची गोळी दुधाबरोबर घेऊ नये असे सांगतात, कारण दुधातील कॅल्शियम त्या रेणूला धरून ठेवते आणि रक्तात पोहोचणारे औषध घटते.

(दृश्य: दुसरा दिवस, सकाळ.)

चकत्यांभोवती जिवाणू न वाढलेली स्वच्छ वर्तुळे दिसतात, आणि ज्याचे वर्तुळ मोठे ते औषध सरस, असे म्हणण्याची घाई होते. ही घाई आम्हाला घातक वाटते. फेरोसीनचा भार वाहणारा रेणू पाणीदार अगारमध्ये सावकाश पसरतो, त्यामुळे प्रभावी संयुगाचेही वर्तुळ लहान राहू शकते. म्हणून जिवाणू सोडलेल्या द्रव माध्यमाच्या नळ्यांची रांग लावून प्रत्येक नळीत आधीच्या निम्मे औषध घालतात. मूळ औषध, केवळ फेरोसीन आणि ज्यात ते विरघळवले तो द्रावक यांच्याही नळ्या शेजारी ठेवतात. रात्र उलटल्यावर एकेक नळी उजेडाकडे धरून पाहिली जाते आणि जिच्यातले पाणी गढूळ झालेले नाही, म्हणजे जिवाणू वाढलेले नाहीत, अशा सर्वांत कमी औषधाच्या नळीचा आकडा वहीत उतरतो.