सीट खाली गेली, वर येईना

(दृश्य: डिचोली तालुक्यातलं घर. अंगणात तुळशीवृंदावन. पडवीत स्टँडवर माउंटन बाइक, चाकांवर वाळलेली तांबडी माती.)

पाच दिवसांचे गणपती पोचवून झाले, पाऊस जरा ओसरला, आणि दोन महिन्यांनी मी सायकल बाहेर काढली. साखळीवरून केरीला, अंजुणे धरणाच्या बाजूला. उताराच्या तोंडाशी हँडलवरची लिव्हर दाबली, सीट खाली गेली. उतार संपला, पुन्हा लिव्हर दाबली. सीट वर येईना. शेवटी हाताने ओढून वर काढली. असं ओढू नये. का, ते पुढे सांगतो.

सीटखालच्या या दांड्याला ड्रॉपर पोस्ट म्हणतात, कुणी नुसतं ड्रॉपर, कुणी नुसतं पोस्ट. चढाला सीट उंच हवी, तरच पाय पुरता लांबतो आणि पॅडलला जोर लागतो. उताराला मात्र तीच सीट आडवी येते. ती खाली गेली की अंग मागे नेता येतं, तोल सांभाळता येतो. पूर्वी त्यासाठी थांबून, उतरून, सीट सैल करावी लागायची. आता डाव्या अंगठ्याशी लिव्हर असते. ही सोय फक्त डोंगरातल्यांसाठी आहे असंही नाही. १९ मार्च २०२२ रोजी मिलान-सान रेमो या रस्त्यावरच्या शर्यतीत स्लोव्हेनियाचा मातेय मोहोरिच ड्रॉपर लावून उतरला होता. शेवटच्या टेकडीचा, पोज्जोचा उतार त्याने असा काही घेतला की बाकीचे मागेच राहिले, आणि शर्यत त्याने जिंकली.

(दृश्य: सीट पोस्टचा जवळून शॉट. चकचकीत नळी, खाली काळी कॉलर, कॉलरच्या कडेला मातीची तांबडी रेघ.)

ही रेघ नीट बघा. आपल्याकडची जांभ्याची माती म्हणजे लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. वाळली की पिठासारखी बारीक होते आणि कॉलरच्या सीलखालून आत शिरते. आत ग्रीस असतं. ग्रीस आणि ही माती एकत्र झाली की गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी ग्राइंडिंग पेस्ट तयार होते. मग प्रत्येक वेळी सीट खाली-वर झाली की आतला भाग थोडा थोडा घासत जातो.

एका दुकानात मला सांगितलं होतं, 'पोस्ट गेली, नवीन घाला.' मी घातली नाही. त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे: बिघाड बाहेरून आत शोधत जायचा. आतलं महागडं कार्ट्रिज, म्हणजे सीट वर ढकलणारी बंद नळी, सर्वांत शेवटी.

सुरुवात फ्रेमवरच्या सीट क्लॅम्पपासून. सीट घसरू नये म्हणून आपण तो करकचून आवळतो. त्याने बाहेरची नळी किंचित दाबली जाते आणि आतली नळी अडकते. ॲलन कीने क्लॅम्प थोडा सैल केला आणि सीट सुळकन वर आली, तर रोग सापडला. टॉर्क रेंच, म्हणजे किती आवळलं ते दाखवणारा पाना, असेल तर बहुतेक ठिकाणी पाच-सहा न्यूटन मीटर पुरतात. नेमका आकडा क्लॅम्पवरच छापलेला असतो.

माझी सीट क्लॅम्प सैल करूनही हलली नाही.

मग केबल. लिव्हरकडचा स्क्रू सैल केला आणि अख्खी पोस्ट फ्रेममधून वर काढताना फ्रेमच्या तोंडाशी केबलचं आऊटर, म्हणजे तारेवरचं आवरण, हळूहळू आत ढकलत गेलो. हे केलं नाही तर केबल आत ताणली जाते आणि वाकते. पोस्ट बाहेर आली की तळाशी केबल ओढते तो छोटा खटका दिसतो. केबल काढून तो बोटाने दाबायचा आणि पोस्ट जमिनीवर टेकवून सीटवर हाताने भार द्यायचा. आता खाली-वर नीट होत असेल तर पोस्ट ठीक आहे, दोष केबलचा. पावसात आऊटरमध्ये पाणी राहतं, आतली तार गंजते. मोरजी-मांद्र्याच्या बाजूला राहणाऱ्यांना खारं वारं काय करतं ते वेगळं सांगायला नको. तार आणि आऊटर दोन्ही बदला, फार खर्चाचं काम नाही.

केबल फार ताणलेली असेल तर उलटा त्रास होतो: खटका अर्धवट दाबलेला राहतो आणि बसल्यावर सीट हळूहळू खचते. लिव्हरला एक-दोन मिलिमीटर मोकळी चाल हवीच.

माझ्या पोस्टमध्ये खटका दाबूनही नळी रखडत होती. म्हणजे माती.

(दृश्य: हातांनी कॉलर उलटी फिरवली जाते. नळीवर वर सरकते. खालून तांबूस काळा लगदा.)

कॉलर शक्यतो हातानेच काढायची. पक्कड लावली तर ओरखडे आलेच. आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, काडेपेटीतली काडी मोडून ठेवावी तेवढ्या. सीट डावी-उजवी फिरू नये, हे त्यांचं काम. त्या झिजल्या की सीट हातात डुगडुगते. कोणती पट्टी कोणत्या खाचेतून निघाली ते लक्षात ठेवून तिथेच परत बसवायची. मी कागदावर गोल काढून तीन पट्ट्या तशाच मांडल्या. एक स्पष्ट झिजलेली होती, बोटाला धार लागत होती.

लिंट न सोडणारं फडकं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि धीर. खाचा पुसत राहा, फडकं तांबडं यायचं थांबेपर्यंत. मग सीलवर आणि खाचांत सस्पेन्शनचं ग्रीस, पातळ थर. खोबरेल नको, गंज सोडवायचा स्प्रेही नको. त्याने असलेलं ग्रीस धुऊन जातं.

कार्ट्रिज मात्र उघडू नका. त्यात दाबाखाली वायू आणि तेल असतं. केबल सैल असूनही सीट स्प्रिंगसारखी दबत असेल, तर तेलात हवा शिरलेली असते. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलली की काही कार्ट्रिजमध्ये हवा अशीच आत ओढली जाते. हाताने ओढू नये म्हटलं ते यासाठी. बऱ्याच पोस्टमध्ये अख्खं कार्ट्रिज बदलता येतं. काहींना हवेचा व्हॉल्व्ह असतो, तिथे शॉक पंपाने, म्हणजे सस्पेन्शनमध्ये हवा भरायच्या पंपाने, कंपनीने दिलेला दाब भरायचा.

परत बसवताना फ्रेमच्या नळीत ग्रीस लावा. फ्रेम कार्बनची असेल तर कार्बन पेस्ट. गोव्याच्या दमट हवेत कोरडी घातलेली ॲल्युमिनियमची पोस्ट पुढच्या पावसापर्यंत फ्रेमला चिकटून बसते.

(दृश्य: पडवी. संध्याकाळ. सायकल उभी.)

झिजलेल्या पट्टीच्या जागी नवीन मागवली आहे. तोवर थोडी डुगडुग राहील, त्याने बिघडत काही नाही. भाच्याने लिव्हर दाबली. सीट वर आली, शेवटी टक् असा आवाज. त्याने लिव्हर धरून सीट हाताने खाली दाबली.

"मामा, परत दाबू?"

टक्.