कंबरपट्टा कमरेवर बांधायचा नसतो : पाठीवरच्या बेबी कॅरिअरविषयी

नमस्कार. पाठीवर मूल घेऊन चालण्याच्या कॅरिअरविषयी मागच्या एका व्हिडिओत मी जेमतेम दोन मिनिटे बोलले होते आणि तेव्हापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो आहे : "खांदे फार दुखतात, कोणते कॅरिअर घ्यावे?" माझ्या मते बहुतेकांना नवे कॅरिअर घेण्याची गरजच नसते. घरात जे आहे त्याचा कंबरपट्टा भलत्या जागी बांधला जात असतो, आणि म्हणून आज मी मुख्यतः त्या एका पट्ट्याविषयीच बोलणार आहे.

जे उघड आहे ते आधी भराभर सांगून टाकते. माझ्यासमोर आहे ते ॲल्युमिनियमच्या चौकटीचे, खाली उघडणारा स्टँड आणि आत मुलाचे आसन असलेले कॅरिअर. छातीशी बांधायचे कापडी कॅरिअर हा वेगळा विषय आहे. मूल कशाचाही आधार न घेता ताठ बसू लागेपर्यंत त्याला यात बसवायचे नाही. अशा कॅरिअरसाठी अमेरिकेत जे मानक आहे, तेही स्वतः ताठ बसू शकणारे आणि साधारण ७ ते २२ किलो वजनाचे मूल गृहीत धरते. "चार महिन्यांच्या बाळाला दोन्ही बाजूंनी उश्या लावून बसवले तर चालेल का?" असे तिघांनी विचारले आहे. चालणार नाही. उशीमुळे बाळ कलंडणार नाही कदाचित, पण मान सावरण्याची ताकद उशी देत नाही. हनुवटी छातीवर टेकली की एवढ्याशा जिवाची श्वासाची वाट अरुंद होते, आणि हे सगळे तुमच्या पाठीमागे, तुम्हाला दिसत नसताना घडते.

वजनाचा हिशेबही एकदा कागदावर करून पाहावा. अनेक कॅरिअरवर सुमारे २२ किलोची मर्यादा छापलेली असते आणि बहुतेकांना ती केवळ मुलाच्या वजनाची वाटते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्यात मूल, सामान आणि कॅरिअरचे स्वतःचे वजन असे सगळे धरलेले असते. कॅरिअर साडेतीन किलोचे आणि मूल १२ किलोचे असेल तर साडेसहा किलो उरतात. त्यात दोन लिटर पाणी घेतले की दोन किलो तिथेच गेले.

आता कंबरपट्टा. माझ्या मते या नावानेच निम्मा घोटाळा केला आहे, कारण हा पट्टा कमरेवर बांधायचाच नसतो. भांडायला उभे राहिल्यासारखे दोन्ही बाजूंना हात ठेवून पाहा. तळहाताखाली हाडाची जी गोल, टणक कड लागते तिच्यावर पट्ट्याची रुंदी मधोमध यायला हवी, म्हणजे अर्धा पट्टा त्या कडेच्या वर आणि अर्धा खाली. त्याच्या वर, पोटाच्या मऊ भागावर पट्टा आवळला तर श्वास कोंडतो आणि दहा पावलांत तो घसरून सैल होतो. फार खाली बांधला तर चढावर प्रत्येक पावलाला मांडी त्याच्यावर आपटते.

ही गोष्ट मी शहाणपणाने शिकले नाही. माझी लेक दहा महिन्यांची असताना आम्ही पहिल्यांदा एका टेकडीवर गेलो. तासाभरात माझ्या डाव्या हाताला मुंग्या आल्या, खांद्यांवर लाल वळ उमटले आणि घरी आल्यावर मी जाहीर केले की हे कॅरिअर टाकाऊ आहे. नवरा मात्र तेच कॅरिअर घेऊन दुसऱ्या दिवशी शीळ घालत फिरून आला. महिनाभर मी याचे श्रेय त्याच्या ताकदीला दिले. मग एकदा आसन धुण्यासाठी काढताना पाठीच्या भागावर आकड्यांची एक पट्टी दिसली, आणि चौकट त्याच्या पाठीच्या मापावर लावलेली होती हे तेव्हा लक्षात आले. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. त्याच्या मापावर कंबरपट्टा माझ्या हाडांच्या कडेखाली लोंबत होता आणि लेकीचे सगळे वजन दोन खांद्यांवर टांगलेले होते. कॅरिअरचा दोष काडीचाही नव्हता.

माप घेणे अगदी सोपे आहे. मान खाली घातली की मानेच्या तळाशी मणक्याचे एक टोक वर येते. तिथपासून, हाडाच्या त्याच कडेवर हात ठेवल्यावर दोन्ही अंगठे ज्या रेषेत येतात तिथपर्यंत पाठीचे अंतर टेपने मोजावे. ही तुमच्या पाठीची लांबी. तुमची एकूण उंची इथे कामाची नाही. सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या पाठी कमीजास्त लांबीच्या असू शकतात. घरात दोघे जण आळीपाळीने कॅरिअर घेणार असतील तर प्रत्येक वेळी चौकट सरकवावी लागते, आणि "दर वेळी कोण करणार?" असे लिहिणाऱ्यांना माझा सरळ सवाल आहे की सायकलची सीट तुम्ही सरकवता ना?

पट्टा हाडाच्या कडेवरच का, हेही थोडे समजून घेऊ या, कारण कारण कळले की पट्टा आपोआप योग्य जागी बांधला जातो. खांद्यावरचे ओझे तिथल्या स्नायूंना आणि काखेकडे जाणाऱ्या नसांना सोसावे लागते. माझ्या हाताला आलेल्या मुंग्या त्याच दाबाच्या होत्या. हाडाच्या त्या कडेवर ठेवलेले ओझे मात्र थेट पायांत उतरते, आणि शरीरातील सर्वांत दणकट स्नायू तिथेच आहेत. खांद्याच्या पट्ट्यांचे काम ओझे पेलण्याचे नाही, ते मागे झुकू न देण्याचे आहे.

म्हणून क्रमही तसाच आहे. आधी सगळे पट्टे सैल करावेत. कॅरिअर पाठीवर आले की खांदे कानांकडे उचलून धरावेत, त्याच अवस्थेत कंबरपट्टा हाडांच्या कडेवर बसवून बकल लावावे आणि घट्ट ओढावा. त्यानंतर खांदे खाली सोडून खांद्यांचे पट्टे ओढावेत, मग खांद्यावरून मागे चौकटीकडे जाणारे छोटे पट्टे, आणि सर्वांत शेवटी छातीवरचा पट्टा. खांद्यांचे पट्टे आधी आवळले की ओझे वरच अडकते; नंतर कंबरपट्टा कितीही ओढला तरी तो रिकामाच राहतो.

आपले जमले की नाही, हे ओळखायचे असेल तर मुलाऐवजी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आसनात घट्ट बसवाव्यात, सगळे पट्टे बांधावेत आणि मग खांद्यांचे पट्टे बोटभर सैल सोडावेत. कॅरिअर किंचित मागे झुकले पण खाली सरकले नाही, तर पट्टा जागेवर आहे. खाली सरकले, तर पुन्हा पहिल्यापासून. मूल आत असताना हा प्रयोग करू नये.

मुलाच्या बाजूचे आता थोडक्यात. आसनाची उंची अशी असावी की हनुवटी पुढच्या गादीच्या कडेच्या जरा वर येईल. आसन खाली राहिले तर मूल खोक्यात बसल्यासारखे घसरत जाते. मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हवा आणि पावले पायांच्या पट्ट्यांत टेकलेली हवीत, नाहीतर आसनाची कड मांडीखाली रुतून पाय बधिर होतात. तुम्ही घामाघूम होत असता तेव्हा मूल मात्र हालचाल न करता बसलेले असते, हे थंडीत कायम ध्यानात ठेवावे. बसल्यावर विजार वर सरकते, मोजा खाली जातो आणि मधली चार बोटे नडगी उघडी पडते. ती तुम्हाला दिसत नाही, बरोबरच्या माणसाला दिसते. माझ्या पट्ट्याला एक छोटा आरसा दोरीने बांधलेला आहे. पाऊण तास चालून झाले की लेकीला खाली उतरवून हातपाय मोकळे करू देते, ती झोपली असली तर तिची मान कुठे कलली आहे ते आधी आरशात पाहते.

मागच्या व्हिडिओच्या शेवटी मी बुटाची नाडी बांधण्यासाठी गुडघे टेकले, ते नाटकी दिसले अशी एक प्रतिक्रिया आहे. कमरेतून वाकले असते तर पाठीवरची मुलगी माझ्या डोक्यावरून पुढे लोंबकळली असती. तिचे डोके माझ्या डोक्यापेक्षा वर असते, त्यामुळे दाराच्या चौकटीतून जातानाही मी गुडघ्यांतच वाकते. आमच्या घराच्या एका दाराला तिचे कपाळ एकदा लागले आहे आणि तेवढे पुरे आहे.

राहिला उतरवण्याचा भाग. कॅरिअर टेबलावर उभे करून मूल आत बसवल्याचे फोटो काही जणांनी कौतुकाने पाठवले आहेत. स्टँड म्हणजे खुर्ची नव्हे. मुलाने एकदा मागे जोर दिला की कॅरिअर कलंडते, आणि टेबलावरून कलंडले तर फार उंचावरून पडते. मी आधी स्टँड पूर्ण उघडल्याचा 'टक्' असा आवाज ऐकते, छातीचे आणि मग कंबरेचे बकल सोडते, एक हात पट्ट्यातून काढून कॅरिअर मांडीवर घेते आणि तिथून सपाट जमिनीवर ठेवते. त्यानंतर एक हात वरच्या मुठीवर ठेवूनच लेकीचे पट्टे सोडते, कारण सुटल्या सुटल्या ती दोन्ही पाय झाडून उभी राहायला पाहते.